एक ए जास्त

बाबांनी नदीचं नाव ठेवलं,
कारण मी झाले त्या दिवशी
ते कणकुंबीत कौलांची गाडी उतरवत होते.
मलप्रभा नरसू कुंभार.
शाळेनं मराठीत लिहिलं, नीट लिहिलं.
आधार काढणाऱ्या पोरानं कन्नडातून इंग्रजीत नेताना
वाटेत कुठंतरी
ल च्या पुढं एक ए टाकला.
तांदळातल्या खड्याएवढा.

सात वर्षं तो कुणाच्या दाताखाली आला नाही.

आता नर्सिंगला नंबर लागलाय, बेळगावात,
आणि खानापूर स्टेशन रोडला
सिद्राम झेरॉक्सच्या स्क्रीनवर लाल अक्षरं:
नाव जुळत नाही.
जात जुळली.
ती बरी कधी चुकत नाही.

पुण्याच्या एका ट्रस्टचं पत्रक मावशीनं आणलं होतं.
किती सुंदर मराठी!
होतकरू, गरजू, गुणवंत.
मी मोठ्यानं वाचत गेले
शेवटच्या ओळीपर्यंत:
अर्जदार महाराष्ट्राचा रहिवासी असावा.
मावशी म्हणाली, पुन्हा वाच.
पुन्हा वाचलं. तेच होतं.

दुसरा अर्ज सगळा कन्नडात.
बोट ठेवून वाचला, तिसरीतल्यासारखा.
उत्पन्नाला आदाय म्हणतात.
बाबा म्हणाले, "काय बी म्हण गं,
हाय तेवढंच हाय."

त्या तेवढ्याचा दाखला नाडकचेरीत.
सोमवारी सर्व्हर नव्हता. बुधवारी साहेब नव्हते.
खिडकीतली बाई वर न बघता म्हणाली,
नाळे बा.
उद्या ये.
आमच्याकडं जुन्या दारांवर हेच लिहायचे,
रात्री भूत आलं तर वाचून परत जावं म्हणून.
भूत बिचारं रोज वाचायचं, रोज परत जायचं.
मी वाचलं
आणि उद्या गेले.
परवा पण गेले.
शुक्रवारी बाईनं मान वर केली.
"तू कुंभाराची ना? तुमच्यातल्याच एकीकडनं
माझ्या आईनं चूल घेतली होती," म्हणाली, मराठीत,
आणि शिक्का मारला.

काजूवाल्या शेटजींच्या निधीला
शंभर शब्द हवे होते:
आपणास मदतीची गरज का आहे?
लिहिलं:
भट्टीत फुटलेली कौलं बाबांच्या मजुरीतून कापतात.
यंदा भट्टीत लाकडं ओली होती.
अकरा झाले.
उरलेले एकोणनव्वद सुचेनात.
खोटं काहीच लिहायचं नव्हतं,
पण लांबवलं की ते हात पसरल्यासारखं दिसायचं.
सिद्राम म्हणाला, माझ्याकडं तयार मजकूर आहे,
वीस रुपये, सगळे तोच घालतात.
मी अकराच ठेवले.

राहिला तो ए.
वकिलानं स्टॅम्पावर लिहून दिलं,
की सदर दोन्ही नावांची व्यक्ती
एकच असून
दुसरी कोणी नाही.
तीनशे रुपये.
बाबांनी खाली सही केली, सावकाश, एकेक अक्षर थापून;
अंगठ्याची तांबडी माती कागदाला लागली.
हे काय, वकिलानं विचारलं.
बाबा धोतराला हात पुसत राहिले.
मला सांगावंसं वाटलं,
हा पुरावा आहे, जोडा.

नदीचंही काही फार बरं नाही म्हणा.
तिच्यात कुणाचं पाणी वळवायचं, किती वळवायचं,
याच्या फायली कुठल्या कुठल्या कोर्टात फिरतात.
तरी ती खानापुरातनं जाते,
घाटावर लोक धुणं धुतात.

पैसे आले मार्चमध्ये.
सरकारी अर्ध्याहून कमी,
आणि शेटजींच्या निधीतून साडेसात हजार.
बरोबर एक ओळ, शाईनं:
लाकडं वाळली का?

दोन्ही त्या दुसरीच्या नावावर,
जास्तीच्या ए वालीच्या.
फी तिची भरली,
ओळखपत्रावर नाव तिचं.
पहाटे जांबोटीची गाडी मी पकडते,
वर्गात मी बसते.
हजेरीला मॅडम तिचं नाव घेतात
आणि आम्ही दोघी
हात वर करतो.