किंमत कमी केली आहे

रात्रीचे अकरा. बाकोलोदमध्ये कुत्री भुंकतायत,
तिकडे बॉइसीत डोरीनची सकाळ उघडलीय.
मारिविक हेडफोन चढवते,
आवाजात थोडं ऊन कालवते.

गेल्या वर्षी एकेका घरामागे नऊ गिऱ्हाइकं,
नकार लिहून लिहून बोटं दुखायची.
आता व्याजदर चढलेत
आणि टेकडीवरचं पिवळं घर
एकाहत्तर दिवस तसंच पडून आहे.
‘घाई करा’ खोडून तिने ‘सवडीने या’ लिहिलं,
मग तेही खोडून
‘किंमत कमी केली आहे’.

त्या घराची पायरी न् पायरी तिला पाठ,
मागच्या खोलीची खिडकी अडकते, हेसुद्धा.
बर्फ तेवढा कधी हातात धरलेला नाही.

आज फोटोत, ओट्याखाली,
कुत्र्याचं भांडं दिसलं. रिकामं.
मालक एल्डन, एकटेच; कुत्रं मार्चमध्ये गेलं.
डोरीनचा निरोप : भांडं पुसून टाक, घर मोकळं दिसू दे.

पुसलं. फरशी जुळवली, सावलीसकट.
मूळ फोटो मात्र
एल्डनना वेगळा पाठवला.
कुणी सांगितलं नव्हतं.

सकाळी सात. भाड्यासाठी घरमालकीण
जिना चढतेय, चपला वाजवत.
मारिविक दिवा मालवते.
अकरा पायऱ्या आहेत.
आठवी करकरते.