मुकी पट्टी

मी चार वर्षांची असताना
पेटीची एक काळी पट्टी मुकी झाली.
अप्पा तीच पेटी कॅरिअरला बांधून
करगणी, दिघंची, खरसुंडी करायचे.
उपासना नऊची. पाळक पोचणार साडेदहाला,
हाताला चेनचं वंगण.

आई मागून एसटीनं. पिशवीत
प्रभुभोजनाचे पेले, जुन्या लुगड्यात गुंडाळलेले,
आणि कुणा बाळंतिणीसाठी डिंक.

पगार कधी तिमाहीनं, कधी तोही नाही.
कापणीच्या सणाला आम्हीच दिलेली अंडी
आई लिलावात चढ्या भावानं परत घ्यायची.
"देवाशी घासाघीस नको," म्हणायची,
आणि आटपाडीच्या बाजारात
वांग्यांवरून तासभर भांडायची.

अप्पा गेल्यावर पेटी मिरजेला नेली.
कारागिरानं चिमट्यानं काढून
माझ्या तळहातावर ठेवलं
डाळिंबाचं वाळकं बी.
कोणी कोंबलं, त्यानं विचारलं नाही.

आता सगळे सूर वाजतात.
पण ती ओळ आली की
सालोमीमावशी, तिच्या मागच्या दोघी-तिघी
अजून श्वासभर थांबतात,
अप्पा तिथं खाकरायचे तेवढंच.

त्या जागी मी बोट
उचलून धरते.