टिचकी

फिलोमेनामावशीचे कान गेले
त्या हिवाळ्यापासून घडे मी ऐकते.

आमच्याकडे चाक नाही, कधीच नव्हतं.
मातीच्या वळ्या एकीवर एक,
भोपळ्याच्या कवचाने आतून फुगवत न्यायच्या.
माती कुठली ते सांगायचं नसतं,
तुम्हालाही सांगत नाही.
तिच्यात जुन्या खापरांचा कूट:
पणजीच्या हातून फुटलेली घागर,
एक ताटली, जी माझ्या आईने
बापाच्या अंगावर भिरकावली होती.
युकाचं पान चावून चावून कुंचला.
मग शेणी, पत्रे, आणि वारा पडायची वाट.
भट्टीच्या दिवशी मावशी कुणाशी बोलत नाही,
फोनसुद्धा पिकअपमध्ये ठेवायला लावते.

निवलेला घडा मांडीवर घ्यायचा
आणि टिचकी.
नीट भाजलेला वाजतो
थंडीत कुंपणाच्या तारेवर खडा बसावा तसा.
चिरलेला नुसता बद्द.

त्या ऑक्टोबरात एकच मोठा घडा होता,
पोपट, त्याच्यावर इंद्रधनुष्याची कमान.
सांता फेच्या दुकानदाराने आगाऊ पैसे दिलेले,
ते गिअरबॉक्समध्ये गेलेलेही.

मी टिचकी मारली.
बद्द.
फिरवून तळाजवळ मारली.
बद्द.
डोळ्यांना रेघ दिसेना, बोटाला लागेना.
दुकानदार कधी टिचकी मारत नाही,
तो उलटं करून किमतीचा कागद चिकटवतो.
मी अकरा वर्षांची होते
आणि गिअरबॉक्सचा आकडा मला पाठ होता.

"छान वाजतो," मी म्हटलं.
जरा मोठ्यानेच,
जसं बहिऱ्या माणसाशी खोटं बोलतात.

मावशीने घडा माझ्याकडून घेतला.
काठ पुढच्या दातांना टेकवला,
डोळे मिटले,
आणि पोटावर नखाने एकदाच, हळू.

मी तिला असं करताना
त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

घडा तिने उन्हात ठेवला, पोपट भिंतीकडे करून.
हात पुसले.
"फोन आण," म्हणाली, "तूच सांग त्याला."

पिकअपपर्यंत साठेक पावलं.
आकडे दाबले.
पलीकडे घंटा वाजू लागली,
लख्ख, एकसारखी,
आणि कुणी उचलेपर्यंत
मी तिच्यात चीर शोधत राहिले.