वाकड्यानंतरचा

"शंभरपासून उलटं मोजा," मी म्हणते,
रोज पाच-सहा वेळा, बोरिवलीच्या थिएटर नंबर दोनमध्ये.
ब्याण्णवच्या खाली फारसं कुणी उतरत नाही.

पास्कू मुर्झेलो, वय एकसष्ट, राहणार गोराई.
ताडावरून पडला, खुब्याचं हाड मोडलं.
म्हणाला, उलटं मोजायला शिकलोच नाय बाय,
माझी झाडं मोजतो.
आणि मोजू लागला:
क्रुसाजवळचा,
मिठागराच्या बांधावरचा,
जुळे दोन,
वाकडा

दुधासारखं औषध शिरेतून चढलं होतं.
तो वाकड्यापाशी थांबला.
थांबला म्हणजे नेमकं काय झालं
हे मला वीस वर्षांत सांगता आलेलं नाही.

आदल्या संध्याकाळी वॉर्डात त्यानंच विचारलेलं:
पहाटे मडकं उतरवतो ती नीरा, पोरांनाही पाजावी.
दुपारपर्यंत तीच डोक्यात जाते.
मधे मडक्यात कुणी काय टाकलं?
यीस्ट, मी म्हटलं. हवेतून येतं.
"मग हवेला कशी नाय चढत?"

हसले मी. पण हाच दाखला
फार पूर्वी कुणी नास्तिकांनी दिलेला:
माती, पाणी, वारा, विस्तव एकत्र येतात
आणि जाणीव आंबून वर येते,
वेगळा कुणी आत राहत नाही.
माझ्या आईला हे पटलं नसतं.
तिच्या हिशेबात देह म्हणजे पागडीची खोली,
भाडेकरू निराळा.
मग मी रोज सहा भाडेकरूंना बाहेर काढते
आणि कुणीच किल्ली हरवत नाही?
काहींच्या मते ती सगळ्यातच असते, कणकण, दगडातसुद्धा.
म्हणजे डॉक्टर वाच्छा ठोकताहेत
त्या सळईतही.
मी तिच्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं.

दोन तास दहा मिनिटं.
दर पाच मिनिटांची नाडी, रक्तदाब,
सगळं माझ्या कागदावर आहे.
त्याच्याकडे यातलं काही नाही.
नळी काढली, खोकला,
पापण्या हलल्या, आणि घोगऱ्या आवाजात
"बावीवरचा."

वाकड्यानंतरचा.
पान उलटावं तसा.

त्या रात्री दहिसरला घरी, दिवा घालवून,
मीही मोजून बघितलं. झाडं नाहीत माझ्याकडे,
सोसायटीच्या विंग मोजल्या:
ए, बी, पाण्याच्या टाकीकडची सी,
लिफ्ट बंद असलेली डी...
या वेळी लक्ष ठेवायचं ठरवलं होतं.

कुठल्या विंगपाशी थांबले
माहीत नाही.