तिसरी रांग, कडेची खुर्ची

नाटकातला लोभी भाऊ मी उचलला
बर्डीवरच्या बाबाराव डांगोऱ्यांकडून,
जसाच्या तसा. टोपीसकट.
वाटणीच्या दिवशी आईचं पानदान मोजताना
अडकित्ता वेगळा धरणारा माणूस!
असलं काही आपल्याला सुचत नसतं.

प्रयोगाला ते आले. पास मागून.
तिसरी रांग, कडेची खुर्ची, कूलरसमोर.
(मे महिन्यात आमच्या नागपुरात
कूलर चालू ठेवला तर संवाद ऐकू येत नाहीत,
बंद केला तर ऐकायला कोणी उरत नाही.
तीस वर्षं मी या दोहोंच्या मधे लिहितोय.)

अडकित्त्याच्या प्रवेशाला
सगळ्यांत आधी हसले ते बाबाराव.
मी विंगेत, कपाळाला हात लावून.
पडदा पडल्यावर दुपट्ट्यानं घाम पुसत आत आले,
माझा हात दोन्ही हातांत धरून म्हणाले,
"काय पकडला भाऊ आमचा साळा!
असाच करते तो. अगदी असाच."

साळा पुढच्या प्रयोगाला आला.
त्याला त्यात धंतोलीचे वकील दिसले.
वकिलांना त्यांचे व्याही.
व्याह्यांनी तर मला तर्री-पोहे खाऊ घातले
आणि कानाशी येऊन विचारलं,
"आमच्या वरच्या मजल्यावरचं
तुम्हाला सांगितलं कोणी?"

असा माझा लोभी भाऊ
बर्डीहून इतवारीपर्यंत दारोदार फिरला;
कोणी त्याला उंबऱ्याच्या आत घेतलं नाही.
पत्ता मात्र सगळ्यांनी दिला, शेजारचा.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत निघाली.
"लबाडी घेऊन जा गे मारबत!"
सगळ्यांत मोठा आवाज
आमच्या किराणावाल्या गुलाबचंदचा,
ज्याच्या तराजूखाली
चिंचेचा गोळा चिकटवलेला असतो.
मी खिशातला कागद काढला आणि टिपून घेतलं.
पुढचं नाटक.

रात्री मंदाकिनीला सगळं सांगितलं.
ती म्हणाली, "आणि यात तू कुठं आहेस?"
"मी? मी लेखक."
तिनं टेबलाकडे पाहिलं.
बाबांचा टाइपराइटर तिथंच होता,
अडकित्त्याचा प्रवेश मी ज्याच्यावर टाइप केला तो.
वाटणीच्या यादीत
तो चढवायचा राहून गेला होता.
वर्ध्याच्या भावानं कधी विचारलं नाही,
मीही कधी आठवण दिली नाही.

मंदाकिनी हसली.
फार मोठ्यानं नाही.
पण वीज गेली होती,
कूलर बंद होता.