मालमत्ता क्रमांक ४१७

सभेत ठराव झाला : वीस हजारांच्या आत.
सूचक गायधनी, अनुमोदन मीच दिलं,
कारण हिशेब मी लिहितो
आणि ऑडिटरला आता वही चालत नाही.

तळमजल्यावरच्या निकाळज्यांची श्रावस्ती
पॉलिटेक्निकला आहे. तिने पाठकोऱ्या कागदावर लिहून दिलं :
आय-फाइव्ह, आठवी पिढी, त्याच्या खाली नको.
आठ जीबी रॅम. एसएसडी असलीच पाहिजे.
चकाकी बघू नका काका, पंख्याचा आवाज ऐका.

आठवी पिढी.
आमच्या प्रेसमध्ये बाप, मुलगा, फार तर नातू,
तिसरीलाच लोक म्हणायचे,
यांचं काय, घरचंच आहे.

नवीन बघितला आधी, कॉलेज रोडला.
एकेचाळीस हजार.
मी डब्यावर टिचकी मारून पाहिली. पत्रा पातळ.
'सर, हात नका लावू.'

मग एमजी रोडच्या तळघरात, नावेदकडे.
तिथे संगणक भिंतीला टेकून उभे होते,
रेशनच्या रांगेत माणसांच्या जागी पिशव्या ठेवतात तसे.
अंबडच्या कुठल्याशा कंपनीने एकदम साठ काढून टाकलेले.
'बिघडले म्हणून?'
'नाही काका. पाच वर्षं झाली म्हणून.'

एकतीस वर्षं मी नोटांचे ताव तपासले.
शाई पसरली, आकडा सरकला, तार दिसेना,
की लाल खूण आणि ताव बाद.
कागद तोच, शाई तीच, मेहनत तेवढीच,
आणि किंमत शून्य.
संध्याकाळी जेल रोडच्या बाजारात
मेथीच्या जुडीवरून दोन रुपयांची हुज्जत घालताना
मला कधी हसू आलं नाही.

नावेदने झाकण उघडलं.
'रॅम नवी टाकलीय. डिस्क नवी. बोर्ड जुनं, ते जुनंच सांगतो.
मागचं एक यूएसबी मेलंय.
मॉनिटरच्या कोपऱ्यात एक ठिपका जळालाय.'
मी विचारायच्या आधी.
मालाच्या मालकानेच दोष मोजून द्यायचे
आणि तपासणाऱ्याने नुसती मान हलवायची,
याची मला सवय नव्हती.

ठिपका मला लगेच सापडला. त्यालाच दोनदा शोधावा लागला.
बटण दाबल्यापासून अकरा सेकंद, मनगटावर मोजले.
कान लावून पंखा ऐकला :
लांबच्या वर्गात कुणी पाढे म्हणतंय, एवढाच.

साडेसोळा. सहा महिन्यांची हमी, शिक्का मारलेल्या चिठ्ठीवर.
'फोनपे करा ना काका.'
पण सोसायटीचे पैसे, चेकने काढलेले,
पाकिटात पाचशेच्या तेहतीस नोटा.
त्याने मोजल्या. मग मधलीच एक ओढून
ट्यूबलाइटकडे धरली, बोटाने कड चाचपली.
मी काही बोललो नाही.
धरली बरोबर होती. किंचित आणखी तिरपी हवी.

रिक्षात मॉनिटर मांडीवर.
द्वारकेला सिग्नल तीनदा सुटला, आम्ही तिथेच.

गायधनी जिन्यात उभे.
'जुना आणलात?'
'हो.'
त्यांचे ओठ हलले, वजाबाकी झाली,
आणि उरलेल्या साडेतीन हजारांत
गेटला रंग द्यायचं त्यांनी तिथल्या तिथे ठरवून टाकलं.

रात्री ऑफिसच्या खोलीत एकटाच बसलो.
देखभाल खर्च, फ्लॅट एक ते चोवीस.
एक बोट, मग तेच बोट.
डब्याच्या कुशीवर कंपनीची पट्टी तशीच चिकटलेली :
मालमत्ता क्र. ४१७.
श्रावस्ती म्हणाली होती, थोडं खोबरेल लावा, निघेल.

खिशातलं भिंग काढलं.
चार आणि एक एका रेषेत.
सात केसभर खाली बसलाय.

भिंग परत खिशात.
फ्लॅट पाच, एप्रिल, बाकी शून्य.
फ्लॅट सहा.