पाळीवरचं टेबल

मुरमाटोल्यात रेंज फक्त तलावाच्या पाळीवर,
तीही मोहाच्या पूर्वेकडल्या फांदीखाली.
म्हणून बुधवारी पंचायतीतलं टेबल
मी आणि झनकलाल चपराशी उचलून तिथे नेतो.
एक पाय आखूड, त्याखाली कवेलूचा तुकडा.

रांगेत चपला उभ्या असतात,
माणसं सावलीत.

भागरताबाई नेवारेंच्या चपलेचा नंबर चौथा.
पिशवीत पिशवी, तिच्यात आणखी एक,
तिच्यात आधार कार्ड, हळदीचा डाग पडलेलं.
"श्रावणबाळचे पैसे दोन महिने झाले, येऊन नाही राहिले.
ब्यांकवाला म्हणते, जित्ती हावो म्हणून कागद आन."

अंगठा ठेवा, मी म्हणते.
जुळत नाही.
पदराला पुसून ठेवा.
जुळत नाही.
दुसरा अंगठा. मग बोटं, एकेक करून,
जशी घरातली सगळी माणसं बोलावून विचारावं,
हिला ओळखता का.

"नाही जुळाचा, माय," उलट तीच मला समजावते,
"चाळीस वर्सं बिड्या वळल्या."

तेंदूच्या पानांनी घासून नेलेल्या त्या रेषा
कुठे कुठे ओढल्या गेल्या असतील,
कोणत्या फलाटावर, कोणत्या ट्रकच्या काचेआड,
एकेक झुरक्यानं, राख झाडत.
हे मी यंत्राला सांगू शकत नाही.
त्यात तसा रकाना नाही.

मग चेहऱ्यानं करू.
त्याला आधी ओटीपी लागतो, तो जातो लेकाच्या नंबरवर,
लेक हैदराबादला स्लॅबवर.
आकडा दहा मिनिटं जगतो.
दोन आकडे असेच गेले.
तिसऱ्यांदा त्यानं उचलला, मागे मिक्सरची घरघर.
"म्याडम, यात लिवलं हाय, कोनालेच सांगू नका."
बरोबर आहे, मी म्हटलं. आता मला सांगा.
तो हसला. मीही.
मग फोन ठेवून भागरताबाईंना नीट सांगितलं:
तुम्ही समोर बसलात, लेक आपणहून देतो, म्हणून.
फोनवर कुणी मागितला तर नाही द्यायचा,
बँकेचा साहेब म्हणाला तरी नाही.
"अन् तू मागतला तं?"
फोनवर मीही नाही.
तिनं माझ्याकडे जरा वेळ पाहिलं,
मी किती खरी, ते तपासत असल्यासारखं.

चेहरा गोलात धरा. पापणी मिटा.
तिनं मिटली, आणि मिटूनच ठेवली.
मागून डोमाजी बोपचे ओरडले,
"उघड वो भागरता, मेली समजन ते!"
सावली हसली. ती दचकली, डोळे उघडले,
आणि हिरवी खूण आली.

हयात, मी वाचून दाखवलं.
"कोन?"
तुम्ही.
"हे तं मले मालूम होतं."

उठता उठता म्हणाली, याच्यात पाह्य बरं,
डोळ्याचा क्याम्प कवा हाय?
मी पाहिलं. शुक्रवारी, ग्रामीण रुग्णालय.
"याले कोनं सांगितलं?"
तेव्हा कळलं की तारखेखाली साल मागचं होतं.
दवाखान्याचा नंबर शोधला, लावला.
सोमवार, दहा वाजता, जेवण करून या.

तिनं कागद नको म्हटलं. कागद हरवते.
झनकलालला चुलीतला कोळसा आणायला लावला
आणि आटाचक्कीच्या भिंतीवर लिहून घेतलं,
हातभर अक्षरात.
खाली माझ्या फोनचा नंबर.
त्याखाली, तिच्या सांगण्यावरून:
ओटीपी कोनालेच नाही. हिलेबी नाही.

सोमवारच्या जीपमध्ये सात जणं बसली.
आठवी भागरताबाई. ती टपावर बसायला निघाली होती,
डोमाजींनी तिला ओढून आत घेतलं.

जाताना खिडकीतून म्हणाली,
"पुढच्या साली बी पाह्यजो वो,
मी हावो का नाही."
पाहीन म्हटलं.
टेबलाखालचा कवेलूचा तुकडा
त्या दिवशी मी घरी आणला, जपून ठेवायला,
दुसऱ्या बुधवारी नेमका विसरले.
सबंध सकाळ आम्ही डुगडुगत्या टेबलावर काम केलं.